माझ्या नावाचं ताट

बोर, गुरुवार, १६ ऑक्टोबर

प्रिय फ्लोरिकाताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भावजींची कंबर सुधारली असेल आणि व्हिएन्नात थंडी सुरू झाली असेल. इकडे सगळे ठीक आहेत. त्या सगळ्यांत मीही आले.

मेले नाही गं मी! शनिवारी तू फोनवर जो फोटो पाहिलास, तो माझ्या मैत्रिणीचा, दोमनिकाचा उद्योग. टेबलावर पानं मांडलेली, दोन मेणबत्त्या, मधोमध माझा फ्रेममधला फोटो आणि खाली तिने लिहिलंय, "आमच्या पर्सिदाचं पोमाना." आता मेलेल्याच्या नावाने घालायचं जेवण म्हटल्यावर कुणीही काय समजेल? बरं, तू रडत रडत त्रूयकामावशीला फोन केलास, तर त्या बाईने "अगं, जिवंत आहे ती" एवढं तरी म्हणावं! छे. "थांब, तिलाच देते" म्हणाली आणि फोन माझ्या कानाला लावला. मी आपली "हॅलो" म्हणाले. तू जी किंकाळी फोडलीस, ती शेजारच्या कुत्र्यालाही ऐकू गेली असेल. मग फोन बंद.

सहा वर्षांनी बहीण बहिणीशी बोलली ती अशी. आधी आम्ही सगळ्या हसलो. मग मला एकदम हसू येईना.

तर आता मूळ गोष्ट. ३ नोव्हेंबरला निशच्या इस्पितळात माझं ऑपरेशन आहे. घाबरू नकोस, गाठबीठ नाही. जठराचा बराचसा भाग कापून काढणार, केळ्याएवढी नळी ठेवणार. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी अठ्ठ्याण्णव किलोची होते. आता एकशे अडतीस. स्टँडवरच्या तिकीटखिडकीतली माझी खुर्ची दोनदा बदलून झाली, गुडघे बोलायला लागलेत आणि रक्तात साखर निघाली, आईसारखीच.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, नाव नेवेना. तिला मी इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "बाई, तुम्ही ऑपरेशनला आलात की परीक्षेला?" पण विचारू नको तर काय करू? भूक नेमकी कुठे बसते? कापलेल्या भागाचं तुम्ही काय करता? आणि आवडीनिवडी त्याच राहतात का? ती म्हणाली, भुकेची हाक बरीचशी त्या कापायच्या भागातूनच येते. आणि आवडीचं सांगता येत नाही. काहींना सगळ्यात लाडका पदार्थच नंतर नकोसा होतो.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. उद्या जे आवडेनासं होईल, ते आज तरी मला खरंच आवडतं का? कधी बघितलंय? मी आजवर खाल्लं ते एक डोळा खिडकीबाहेरच्या रांगेवर ठेवून. वीस तारखेपासून पंधरा दिवस नुसतं पातळ प्यायचंय, म्हणजे यकृत आकसून त्यांना जागा मिळेल. हातात तीन आठवडे होते. मी ठरवलं, रोज एकेका पदार्थाचा निरोप घ्यायचा. बसून, हळूहळू, शेजारी वही ठेवून. हसू नकोस.

स्टँडशेजारच्या बेकरीतला तो क्रीमचा चौकोनी केक आठवतो? पंधरा वर्षं दर शुक्रवारी खाल्ला. पहिल्यांदा नीट चावून खाल्ला तर काय, साखर आणि ओला पुठ्ठा! मी उरलेला परत नेऊन दिला, तर बेकरीवाली म्हणते, "इतकी वर्षं तक्रार नव्हती." म्हटलं, इतकी वर्षं तोंड हजर नव्हतं.

डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे मला चवीपेक्षा आवाजासाठी आवडतात. कानात कापूस घालून खाऊन पाहिले, काही मजा नाही. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेला सारमा आवडतो, पण दुसऱ्या दिवशीचा, त्यातही भांड्याच्या बुडाला करपून चिकटलेला. मक्याच्या पिठाच्या काचामाकवर साय घालून खाल्ला तर पहिले तीन घास स्वर्ग. चौथ्यापासून नुसता हात वर-खाली. मोजलं मी, तीनदा वेगवेगळ्या दिवशी. तीनच घास, ताई! आणि मी आयुष्यभर परात संपवत आले.

मुरांब्याचं पुढे सांगते.

ही वही त्रूयकामावशीच्या हाती लागली. ऐंशीची झाली तरी नजर घारीची. म्हणाली, "एवढं सगळं सोडतेयस, आणि असंच? पोमाना घाल. नावाने वाढलेलं तिकडे पोचतं. इथे नाही मिळालं तरी तिथे तुझी वाट बघत राहील."

"मावशी, पोमाना मेलेल्यांचं घालतात."

"आपल्या फ्रुजाआजोबांनी नाही का जिवंतपणी घातलं? मागे घालणारं कुणी नव्हतं म्हणून. तुला तरी कोण आहे?"

मी तयार झाले. आणि खरं सांगू, मला बघायचंही होतं. स्वतःचं पोमाना कुणाला बघायला मिळतं?

पण पोमानात मेलेल्याच्या जागी बसून जेवायला कुणीतरी लागतं, आणि माझ्या जागी बसवायची कुणाला? बाई माझ्या वयाची हवी आणि माझ्या चणीची हवी. वयाच्या चिक्कार. चणीची एक नाही! मावशीने अख्खी आळी पालथी घातली आणि म्हणाली, "दोन एकत्र बांधाव्या लागतील." शेवटी दोमनिका बसली, चिंब भिजली तरी जेमतेम पन्नास किलो. रीतीप्रमाणे तिला मी घेतलेला नवा ब्लाउज घातला, माझ्या मापाचा. त्यात ती हरवलीच. मी उभी राहून एकेक पान मेणबत्तीवरून तिच्या हातात द्यायचे, "हे पर्सिदाच्या पुढ्यात असो," आणि ती म्हणायची, "पोचो." मी ताटाला हात लावायचा नाही, असा मावशीचा हुकूम.

दुसरी बाई माझ्या नावाने जेवतेय आणि मी तिच्या तोंडाकडे बघतेय. राहवेना. "कसं लागतंय?" मी विचारलं.

"मेलेले विचारत नाहीत!" मावशी कडाडली.

दोमनिका तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "मला कुठे सारमा आवडतो गं. तुझ्यासाठी ढकलतेय." टेबलाभोवतीच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मग मावशीने पांढऱ्या चेरीच्या मुरांब्याची बरणी पुढे ठेवली. प्रत्येक चेरीत अक्रोडाचा तुकडा, आई करायची तस्साच. चमचा, पाण्याचा पेला, सगळं मांडलं. मी चमचा भरला आणि हात तिथेच राहिला. सगळ्यांना वाटलं, हिला मोह सुटत नाही. मावशी म्हणाली, "दे गं, तिथे बरणीभर मिळेल." मी चमचा परत बरणीत सोडला आणि झाकण लावलं.

त्याच्या आठवडाभर आधी मी तो माझ्या प्रयोगात खाऊन पाहिला होता. एकटीने. नुसता गोड लागला, घसा धरेल इतका गोड. वहीत लिहिलं, "हा मला आवडत नाही. कधीच आवडत नव्हता." मग मी किती तरी वेळ वहीकडे बघत बसले. कारण आईच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही तो रोज खाल्लाय. माझी कामाची पाळी संपली की चार वाजता, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. एक चमचा ती, एक चमचा मी.

ताई, आईच्या चाळिसाव्या दिवशीच्या पोमानात तू सगळ्यांसमोर विचारलंस, "एवढी साखर असताना तिला गोड मिळत कुठून होतं?" मी म्हणाले, "माझ्यामागे किल्ली घेऊन कपाट उघडायची." तू म्हणालीस, "म्हणजे तू लक्ष ठेवलं नाहीस. तुझ्या आळसाने गेली ती." आणि त्याच दिवशी बसने परत गेलीस. मी सहा वर्षं गावभर सांगत राहिले की बहीण व्हिएन्नाला जाऊन दगड झाली.

आईने किल्ली कधी घेतली नाही. मीच देत होते, माझ्या हाताने. सुरुवातीला ती म्हणायची, "एकच दे, पर्सो," आणि मला नाही म्हणवत नव्हतं, इतकंच असतं तरी तुला सांगितलं असतं. पण काही दिवस ती म्हणायची, "आज नको गं." तरी मी तिच्यापुढे चमचा धरायचे. "घे की, एकाने काय होतंय?" मला एकटीला खायचं नव्हतं. तूही नव्हतीस, कुणीच नव्हतं. ती माझ्यासाठी तोंड उघडायची.

तुझा आरोप आळसाचा होता, म्हणून मी तो घेतला. तो स्वस्त होता. आणि आईला तिच्याच पोमानात, तिच्याच ताटासमोर, चाळीस माणसांदेखत चोर ठरवलं. तुला ठाऊक आहे, आपल्यात म्हणतात की त्या दिवशी मेलेलं माणूस टेबलाशी बसून सगळं ऐकत असतं. मग ऐकलंच असेल तिने.

शनिवारी सगळ्या तिथेच होत्या. मी त्यांना सांगितलं. दोमनिका माझ्या ब्लाउजात रडायला लागली. मावशी म्हणाली, "आम्हाला सांगून काय उपयोग? व्हिएन्नाला सांग." म्हणून हे पत्र. टपालावर माझा भरवसा नाही, रविवारच्या व्हिएन्नाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तुझ्या हातातच द्यायचं असं बजावलंय.

मला मरायची भीती वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटते. डॉक्टरीणबाई म्हणते, धोका थोडाच आहे, पण थोडा म्हणजे किती हे विचारायचं तेवढं मी टाळलं. आणि त्याहून जास्त भीती नंतरची वाटते. चार वाजले आणि भूक आलीच नाही, तर मी त्या खिडकीशी बसून करू काय? हे मला खरंच बघायचंय, पण एकटीने नाही.

भरती होताना कुणीतरी घरचं सोबत लागतं. नेवेनाबाईने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण येणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी मोठी बहीण." तिने ते लिहूनही घेतलं. नाव, पत्ता, फोन, सगळं मी धडाधड सांगितलं, एक आकडा चुकला नाही.

एक खोटं मी तुझ्याशी सहा वर्षं जपलं, ते आज मोडलं. हे दुसरं खोटं ठरेल की खरं, ते माझ्या हातात नाही. सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी सात, निश.

तुझी धाकटी, तू रागावली असलीस तरी धाकटीच,
पर्सिदा