टोळीच्या तेलातल्या तीन जागा

४ नोव्हेंबर, गडचिरोली
पीएचडीची शेवटची मुदतवाढ. फेब्रुवारीत थिसिस दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि कॉलेजात जन्मभर तासिका तत्त्वावर. घाबरलो नाही. सात वर्षांत प्रस्तावना झाली, आता फक्त संशोधन राहिलंय. भामरागडकडच्या बुधरीबाईंनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल पाठवलं. मोठा डबा आहे. उद्यापासून पहाटे पाच.

९ नोव्हेंबर
साडेनऊला उठलो. विषय तसा सोपा. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या तीन जागा, त्यांवर बसलेली तीन आम्लं. मधे कोण, कडेला कोण, एवढंच शोधायचं. डब्यातलं वरचं पातळ तेल बाटलीत घेऊन नागपूरच्या लॅबला पाठवलं. बाकीचं नंदिनी भाजीला वापरते. बायकोचाही संशोधनात वाटा असावा.

२० जानेवारी, दुपारी ४
दुसरा नमुना. डबा तळाला गेलेला. घट्ट होतं ते खरवडून पाठवलं. दमलो.

६ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. पहिल्यात तिन्ही जागांवर ओलेइक या पातळ आम्लाचीच गर्दी. दुसऱ्यात कडेला सगळीकडे पामिटिक नाहीतर स्टिअरिक, दोन्ही घट्ट आम्लं. तेही एकाच डब्यात. म्हणजे थंडीत आम्लं जागा बदलतात. हे जगात कुणी पाहिलेलं नाही. आनंद व्हायला हवा होता. झोपलो.

२६ फेब्रुवारी
गाइड सर म्हणाले, नुसत्या जागा बदलल्या तर माणसं तेवढीच राहतात, मग ओलेइक गेलं कुठे? म्हटलं, तो तपशील आहे. सर एप्रिलमध्ये रिटायर होताहेत. थिसिसवर सही केली.

१८ ऑगस्ट
खुली मौखिक परीक्षा. पेपरात फोटो यावा म्हणून बुधरीबाईंना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, डब्यात तेलाचे दोन थर झाले नसतील कशावरून? मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात बुधरीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, हिवाळ्यात पातळ वर राह्यते, घट्ट खाली बसते, आमी तापवून ढवळतो मंग घेतो, सरनं ढवळलं नाई का जी?
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
निकाल: नमुने चुकीचे, सगळे प्रयोग पुन्हा. मुदत उरलेली नाही, म्हणून नोंदणीही पुन्हा. मला काहीच वाटलं नाही. बाहेर आलो तर परीक्षक बुधरीबाईंच्या शेजारी बसून, घट्ट बसायला किती दिवस लागतात ते विचारून लिहून घेत होते. मी दीड तास बोललो, तेव्हा त्यांनी पेन उघडलं नव्हतं.