रविवारच्या यादीतलं नाव

वडूज, शनिवार
मार्च १९४५

प्रिय एस्तेर,

‘बाई म्हणू नकोस, नावानं हाक मार,’ असं तूच मला सांगितलं होतंस, म्हणून आजही नावानंच लिहिते. अक्षर ओळखशील. वेलांट्या अजून कलतात, पण या खेपेला त्या दुरुस्त करायच्या नाहीत. परवा गुरुवारी तू मला वर्गातून कपाटाकडे खडू आणायला पाठवलंस आणि मी खडू न आणताच घरी निघून आले. तू दारापर्यंत धावत आलीस, माझ्या हातातले कागद पाहिलेस आणि तुझं तोंड पांढरं पडलं. मी ते सगळे तुझ्या पायाशी ठेवले आणि चालू लागले. आज लिहिता येतंय, ती विद्याही तुझीच.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्या देवळाच्या पायरीशी आले ती शिकायला आलेच नव्हते. कारभारी मेंढरं सोडून पलटणीत गेले, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. कुणीतरी सांगितलं, मिशनच्या देवळात दर रविवारी गावोगावच्या शिपायांची नावं वाचतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, मग शिपाई कुठल्याही देवाचा असो. आत्याबाई म्हणाल्या, “तिकडं कशाला जातीस गं? आपला बिरोबा काय बहिरा हाय व्हय?” पण मला प्रार्थना नको होती, मला नाव ऐकायचं होतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आत्याबाईही पोटच्या पोराला नुसतं ‘ल्योक’ म्हणतात. घरात ते नाव कुणाच्या तोंडी उरलंच नव्हतं. तू यादी वाचलीस, चौदावं नाव त्यांचं आलं आणि मी पायरीवर बसून पदरात तोंड लपवून हसले. ते तू पाहिलंस. नंतर बाहेर येऊन मला हाताला धरून आत नेलंस. तिथून आपलं जमलं.

मग तू शिपायांच्या बायकांसाठी गुरुवारचा वर्ग काढलास. बाकीच्या शिवण शिकल्या, मी म्हटलं मला अक्षर हवं, त्यांना माझ्या हातचं पत्र जायला हवं. ते गेल्या वर्षीच्या माघात रजेवर आले तेव्हा मी त्यांना पाटीवर माझं नाव काढून दाखवलं. ते ब्रह्मदेशाच्या लढाईला परत गेले आणि मला दिवस राहिले. श्रावणात टपालवाल्यानं पाकीट दिलं. मी ते फोडलंसुद्धा नाही, पदराखाली धरून तुझ्याकडे घेऊन आले. एस्तेर, मी माझ्या हातानं ते तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालीस, कारभारी खुशाल आहेत, पण लांबच्या ठाण्यावर हलवलंय, बरेच दिवस पत्र येणार नाही. मी जाताना तुला मूठभर हळद दिली, घरची. तीही तू घेतलीस.

कपाटात खडूच्या डब्यामागे ते पाकीट होतं. आतल्या इंग्रजी कागदाच्या मागच्या बाजूला तुमच्या देवळातल्या पाळकसाहेबांनी मराठीत मजकूर उतरवून ठेवला होता. बोट ठेवून वाचलं. वर्गाबाहेर मी आपली आपण वाचलेला तो पहिला कागद. त्याखाली माझी पत्रं होती, दोऱ्यानं बांधलेली, आठच्या आठ. मुलगी झाली ते कळवलेलं पत्र, तिचं नाव काय ठेवू ते विचारलेलं पत्र. ‘आजच टपालात टाकते’ म्हणून तू दर खेपेला घेऊन जायचीस. उत्तर येत नाही म्हणून मी तुझ्याजवळच रडायचे आणि तू माझे डोळे पुसायचीस. ती मुलगी अजून बिननावाची आहे, बापाच्या उत्तराची वाट बघत. हे मी तुला कसं माफ करू?

त्याच डब्यामागे तसलंच दुसरं पाकीट होतं. शेजारच्या अंबूबाईच्या नवऱ्याचं, नानासोचं, मार्गशीर्षातलं. संक्रांतीला मी आणि अंबूबाईनं एकमेकींना हळदकुंकू लावलं. तू मध्ये बसून तिळगूळ वाटत होतीस. दोघींचंही तुला ठाऊक होतं. घरचं धान्य संपलं तशी तुमच्या मंडळीकडून दर महिन्याला ज्वारी यायची. सगळ्या शिपायांच्या घरी जाते असं तू सांगितलंस. विधवेच्या वाट्याची ज्वारी मी कपाळभर कुंकू लावून, ओव्या म्हणत दळली. त्यांचा दहावा झाला नाही, तेरावा झाला नाही. कावळ्याला घास ठेवायचा सोडून मी टपालवाल्याला वाटेवर बघत उभी. आणि दर रविवारी तू चौदावं नाव वाचत होतीस, आवाज जरासुद्धा न कापता.

तू म्हणशील, पोटात बाळ होतं, तू कोसळली असतीस. खरं असेल. सहा महिने झाले होते मला. पण बाळ कार्तिकात झालं, आता ते मान सावरतंय. त्यानंतर कसली वाट बघत होतीस? आणि अंबूबाईच्या वेळी तिचा धाकटा तापानं फणफणला होता, हेही आहे. कारण तुला कधी कमी पडलं नाही. तू वाईट नाहीस, हेच मला जास्त जाळतं. वाईट माणसाला मी पाकीट दिलंच नसतं.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही, कुंकू अजून पुसलेलं नाही. काल दुपारी आडावर अंबूबाई भेटली. म्हणाली, “हरणे, तुला आता वाचाया येतंय न्हवं? बाईंच्या यादीत आमच्या घरच्यांचं नाव हाय का गं अजून? लय दिस खबर न्हाई.” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कडेवर तिचं ते धाकटं होतं, माझ्याकडे बघून हसत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “हाय की. खुशाल हायती.” एस्तेर, तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. ती घागर उचलून हलकी होऊन गेली आणि मी आडाच्या कठड्याला धरून उभी राहिले. मला एकदाच तसं बोलावं लागलं, तू आठ महिने बोललीस. तुला माफ केलेलं नाही, पण ते तोंडातून कसं निघतं ते मला कळलं. म्हणून उद्या यादी वाचण्याआधी दोन्ही पाकिटं घेऊन माझ्या घरी ये. अंबूबाईला मी बोलावून ठेवते, आत्याबाई असतीलच. तिचं तू वाचायचं, मी तिचा हात धरीन. माझं मी वाचीन. उद्याच्या यादीत चौदावं नाव घेऊ नकोस. ते मीच घेणार आहे, सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. इथं आधी लिहून बघते. सिद्धू तुका खरात.

ये. मला एकटीला होणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
हरणा