फिल्मवर उमटलेल्या अंगठ्याबाबत

प्रति,
मा. भांडार व पडताळणी अधिकारी,
सूक्ष्मपदार्थ संशोधन केंद्र,
परळ, मुंबई.

विषय : प्रयोगशाळेतील भट्टीचे सील काढणे व श्री. लवू घाडीगावकर यांच्याकडे केलेली फिल्मची मागणी मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे स्मरणपत्र, तसेच त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

महोदय,

मी, मनाली अजित हाटे, राहणार घोडपदेव, आपल्या केंद्रात संशोधक असून पुढील बाबी सविनय निदर्शनास आणू इच्छिते.

आमच्या भट्टीत मॉलिब्डेनम व गंधकाच्या वाफेतून नीलमाच्या पारदर्शक चकतीवर अर्धवाहकाची फिल्म वाढवली जाते. तिची जाडी अवघी तीन अणूंची असते. पुढेमागे अगदी कमी वीज खाणाऱ्या चिप्स अशा फिल्मवर बनतील, अशी आशा आहे. ठिपक्याएवढा तुकडा आता बऱ्याच जणांना जमतो. अख्ख्या चकतीवर, कुठेही खंड न पडता ती सलग वाढवणे हे खरे काम, आणि दिवाळीनंतर ते आम्हाला प्रथमच जमले. त्या आनंदात आम्ही पेढे वाटले होते. आपण दोन घेतले होते, म्हणजे फिल्म झाल्याचे आपणासही मान्य होते असे मी धरून चालते.

त्यानंतर वार्षिक पडताळणी आली. आपल्या विभागाचे श्री. लवू घाडीगावकर, ज्यांना आम्ही सारे लवूमामा म्हणतो, नोंदवही घेऊन आले. "फिल्म, एक नग" या नोंदीपाशी ते थांबले. मी चकती दाखवली व फोन आला म्हणून पाठ वळवली, ही चूक माझी. लवूमामा तरुणपणी लालबागच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासत असत. कापड कितीही तलम असो, ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळल्याशिवाय त्याला "आहे" म्हणायचे नाही, हा त्या खात्याचा रिवाज. त्यांनी चकती चिमटीत धरली, चोळली, आणि म्हणाले, "ह्याच्यार काय नाय गो बाय, कोरा आसा." तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही.

महोदय, मला त्यांचा राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी त्या दिवशी जेवले नाही. पण माझे आजोबा बुधाजीही गिरणीत होते, सूतखात्यात. तेही दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता लुगडे चिमटीत धरून बघायचे. त्यामुळे माझा राग फार टिकला नाही.

पुढची हकिगत मात्र लवूमामांच्या नव्हे, आपल्या कार्यालयाच्या हातची आहे. "फिल्म आढळली नाही" या शेऱ्यावरून, हरवलेली वस्तू सापडेपर्यंत भट्टीला सील ठोकण्यात आले. फिल्मचे वजन, मीटरमधील लांबी, तसेच ती घडी घालून कपाटात राहील काय, अशी विचारणा झाली. मी उत्तरे दिली. घडीबाबत मी नाही म्हटले, त्यावर "कारण द्यावे" असे पत्र आले.

शेवटी मी सूक्ष्मदर्शकातून काढलेले छायाचित्र सादर केले. त्यात अंगठा लागला तेथे फिल्म निघून रेषा उमटल्या आहेत आणि भोवताली ती शाबूत आहे. फिल्म होती, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. आपल्या कार्यालयाने तो पुरावा ग्राह्य मानला, याचा आनंद आहे. परंतु अंगठा उमटलेला असल्याने वस्तू मिळाल्याची पोच त्यांनी दिली, असा त्याचा अर्थ लावून ती परत करण्याची नोटीस लवूमामांना काढण्यात आली.

लवूमामा या महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहेत. फिल्म जमा केल्याशिवाय त्यांना ना-देय दाखला मिळणार नाही. जुनी आता सलग राहिलेली नाही आणि नवी फिल्म करायची तर भट्टी हवी. भट्टी उघडायची तर फिल्म हवी. हे कोडे आपण मुद्दाम घातले असेल असे मला वाटत नाही, पण ते सोडवणे आपल्याच हाती आहे.

आणि एक बाब, जी अर्जात लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. त्या दिवसापासून लवूमामा कशालाही हात लावत नाहीत. चहाचा ग्लाससुद्धा "घेव मां?" असे विचारून उचलतात. जन्मभर ज्या बोटांवर विसंबून खोटा माल परत पाठवला, ती बोटे ते आता पाठीमागे लपवून फिरतात. हे मला बघवत नाही, महोदय.

सबब विनंती की,

१. भट्टीचे सील एका फिल्मपुरते तरी काढावे.

२. ती फिल्म लवूमामांच्या नावे जमा करून घ्यावी व त्यांच्याकडील मागणी मागे घ्यावी. चकती भट्टीतून चिमट्याने तेच बाहेर काढतील. ते नाही म्हणतील, पण मी त्यांना तयार करीन.

३. पडताळणीसाठी आपण स्वतः यावे. चकती उजेडात तिरकी धरली की किंचित हिरवट झाक दिसते. पेढे असतील.

कळावे, लोभ असावा असे अर्जात लिहीत नाहीत, तरी असावा.

आपली, बंद भट्टीसमोर बसलेली नम्र,
मनाली अजित हाटे
दिनांक : महिनाअखेरीच्या पुरेसा आधी

सोबत :
१. अंगठ्याचे छायाचित्र.
२. घडी न घालण्याचे कारण, एक पान.
३. श्री. लवू घाडीगावकर, स्वतः. हा अर्ज तेच आणून देत आहेत. त्यांनी हातमोजे घातलेले दिसतील, कृपया हसू नये. दाखला देताना मात्र ते काढायला सांगावेत, आणि कागद त्यांना चिमटीत धरून बघू द्यावा.