पाहुण्यांची हॅट

विटेनबर्ग, पूर्व जर्मनी, २ नोव्हेंबर १९६७

प्रिय आई,

मी खुशाल आहे, काळजी करू नकोस. धर्मसुधारणेचा साडेचारशेवा वाढदिवस छान झाला. देशोदेशीच्या ल्यूथरन मंडळ्यांनी मिळून प्रार्थना केली. माझ्याकडे स्वीडनचे पाद्री उतरले होते. केकच्या गडबडीत त्यांचं नाव पाहुण्यांच्या नोंदीच्या, पोलीस बघतात त्या वहीत लिहायचं राहिलं, आणि जाताना ते हॅट विसरले.

काल वही तपासायला क्वांटबाई आल्या. "एकट्या बाईच्या घरात पुरुषाची हॅट?"

"भावाची," मी म्हणाले.

"अस्सं! भेटायला हवं एकदा भावाला."

तुझे गुडघे कसे आहेत? आतली स्वीडिश पट्टी उसवून हॅट पाठवतेय. पत्र टपालाने न टाकता हाती पाठवतेय, आणणाऱ्यांना कॉफी दे. योआखिमला म्हणावं, भावाची हॅट म्हणजे आता तुझीच, रोज घालून हिंड. ढिली झाली तर आत कागद कोंब. हे पत्र मात्र नको, ते वाचल्याबरोबर चुलीत घाल.

तुझीच,
गेरलिंड