अर्ध्या नव्या गुडघ्याची पहिली मॅच

अहो,

मी बॅडमिंटन खेळायला गेलेय. आधी खुर्चीत बसा, मग पुढचं वाचा.

गुडघ्याचा अर्धा सांधा बदलून काल सात महिने झाले. कालच्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी मला जिना चढायला-उतरायला लावला आणि म्हणाल्या, "डबल्स खेळा. उड्या नकोत, दुखलं तर थांबायचं." मी त्यांचा हात धरून गदागदा हलवला! घरी येऊन तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही दारातच विचारलंत, "खेळाचं खूळ गेलं ना एकदाचं?" आणि मी तशीच आत जाऊन शिवणाच्या मशीनवर बसले.

रॅकेट माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे सापडली. ती तिथे कशी गेली, ते मी विचारणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही.

सकाळपासून शिवणात माझं लक्ष नाही. कोपऱ्यावरच्या फार्मसीवाल्या बाईंच्या कोटाचा खिसा मी चक्क पाठीवर शिवला! उसवून ठेवलाय. त्या आल्या तर उद्या या म्हणावं. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

कोर्ट पाच वाजता मिळालंय. माझ्या जोडीला बँकेतल्या बाई, समोर त्यांच्या दोघी भाच्या. आम्ही सपाटून हरणार, पण मला आत्तापासूनच हसू फुटतंय.

तुम्ही या. अगदी मनापासून सांगतेय, या. फक्त बाकावर बसा, आणि मी जरा अडखळले तरी धावत येऊ नका. नुसतं बघा मला.

तुमचीच,
मी