संगी दोराच्या त्या टोकाले

२ फेब्रुवारी
बचत गटाच्या बायांची रस्सीखेच ठरली. देऊळघाटातून एकच संघ अमडापूरले जाणार. कप्तान मी. एकापेक्षा एक दणकट आठ जणी निवडल्या. शांता तर सोयाबीनचं पोतं एकटी उचलते. धाकटी जाऊ संगीता मागं लागली, "बाई, मले घ्या ना." हातभर अंग तिचं. म्हटलं, "तू पाणी पाजाले ये." साऱ्या हसल्या. तीही हसली. जिंकलोच समजा.

५ फेब्रुवारी
संगीनं दुसरा संघ उभा केला. कोण कोण, तर मी नको म्हटलेल्या साऱ्या. म्हातारी कमलबाई पण. आता आधी आमचीच आपसात लढत, जिंकेल तो अमडापूरले. हे म्हणाले, "घरातच लढाई लावली काय वो?" लढाई कायची, पोरखेळ. आमचा सराव एकदाच झाला, मग भजी खाल्ली.

८ फेब्रुवारी, रविवार
पेन नीट धरवत नाही, अक्षर वाकडं येते. शाळेच्या मैदानावर सारं गाव. शिट्टी वाजली अन् आम्ही सरकलो ते पुढंच. आम्ही आठ जणी आठ तऱ्हेनं ओढत होतो. तिकडं संगी "हां" म्हणे अन् साऱ्या एकदम मागं झुकत. कमलबाई शेवटी, दोर कमरेले, खुंट्यासारखी. मी तोंडावर पडले. मातीच माती.

दुसऱ्या डावात मीही "हां" म्हणाले. संगीचीच नक्कल. जिंकलो, पण जेमतेम.

तिसरा. दोर जागचा हलेना. समोर संगी, दात आवळलेले, डोळे माझ्यावर. इतकी वर्षं एका चुलीवर, पण ही बाई मी कधी पाह्यलीच नव्हती. अन् दोर मधोमध तुटला. दोन्हीकडच्या साऱ्या पाठीवर. पंच म्हणाले, तिसरा डाव पुढच्या रविवारी, नवा दोर आणून.

१० फेब्रुवारी
दोघींचे तळहात सोललेले. भाकरी ह्यांनी थापल्या, जाडजाड. संगीच्या हाताले हळद लावताना विचारलं, "तुले हे शिकवलं कोणी?"
"कोणीच नाही. एकेकीले दोर देऊन पाह्यलं, कोण कुठं टिकते ते. तुम्ही नुसतं पाहूनच ठरवलं होतं."
रागानं नाही बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

१२ फेब्रुवारी
शांता म्हणे, "संगीले आपल्यात ओढा. बाकीच्या चिल्लर."
"त्या चिल्लरनंच तुले पाडलं," मी म्हटलं. तरी घरी येऊन संगीले विचारलंच, लाज सोडून. ती म्हणाली, "नाही बाई. माझ्या बाया मले सोडत नाहीत, मी त्याईले कशी सोडू?"
आता रोज सराव. भजी बंद.

१४ फेब्रुवारी, शनिवार
नवा दोर आला, मनगटाएवढा. उद्या डाव. विळ्यानं हरभरा सोंगतानाही तोंडातून "हां" निघून राह्यलं. कशासाठी एवढं जिंकावं वाटते, काय माहीत. पहिल्यांदा जिंकणं ठरलेलं नाही, म्हणून असेल.

आत्ता संगी दारातून डोकावली. "बाई, आज लवकर जेवून घ्या."
"तू पण. अन् उद्या मले पाहून ढिली पडू नको."
"नाही पडणार."

पडणारच नाही ती. भीतीही वाटून राह्यली, अन् उद्याची सकाळ कधी होते असंही झालं.