सुई-बदल केंद्र बंद करण्याचा माझाच अर्ज मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
विभागीय आरोग्य कार्यालय

विषय: मैदानामागील सुई-बदल केंद्र (नशा टोचून घेणाऱ्यांना जुन्या सुईच्या बदल्यात नवी देणारे) पुन्हा सुरू करणे व आजच एक परिचारिका पाठवणे.
संदर्भ: ते केंद्र बंद करण्याबाबतचा अर्ज (सह्या एकेचाळीस, पहिली माझी).

महोदय,

"तुमच्या अर्जाने केंद्र उठेल, सुया उठणार नाहीत. आज नव्या घेतात, उद्या एकमेकांच्या घेतील," असे केंद्रातील परिचारिकेने माझ्या दारात उभे राहून मला सांगितले होते. मी कडेवरच्या मुलीला सावरत "तुम्हाला मुलं नाहीत वाटतं" असे म्हणून दार लावून घेतले. त्याची लाज वाटते, म्हणून ते आधी लिहिते.

घसरगुंडीखाली मला एक वापरलेली सुई सापडली होती आणि माझी मुलगी सापडेल ते तोंडात घालायच्या वयाची. मी पदवीधर, म्हणून अर्ज लिहायचे काम सोसायटीने माझ्याकडेच दिले. आमच्या गटाराचे झाकण बसायला दोन वर्षे लागली. केंद्र मात्र आपण नऊ दिवसांत बंद केलेत.

माझा धाकटा भाऊ वायरमन आहे, त्याला सगळे फ्यूज म्हणतात. त्याने नशा सोडली असे आम्ही धरून चाललो होतो. सोडली नव्हती, पण तो त्याच केंद्रात जुनी सुई देऊन नवी घेत होता आणि रक्त तपासून घेत होता. शेवटच्या अहवालात एचआयव्ही नाही. तो कागद माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "ताई, अक्षर छान आहे गं तुझं. केंद्राच्या दारावर नोटिशीशेजारी तुझा अर्ज लावलाय." तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

आता तो आणि आणखी तिघे मैदानामागच्या बंद गोदामात बसतात. चौघांत सिरिंज एकच, नळाखाली धरून पुढे दिली जाते. मी ओरडले, तर त्यातला एक अगदी अदबीने म्हणाला, "धुतो की ताई, आम्ही काय घाणेरडे आहोत का?" भाऊ तोवर मागच्या खिडकीतून निघून गेला होता.

मी औषधाच्या दुकानात सिरिंज मागितल्या. "कोणासाठी?" म्हणून विचारले, तर माझ्या तोंडून "बाळासाठी" निघाले. दुकानदाराने औषध पाजायची, बिनसुईची दिली.

आपल्या कार्यालयात गेले, तर "कारवाई झालेली तक्रार मागे घेता येत नाही, नवी असेल तर द्या," असे लिपिकांनी सांगितले. म्हणून ही नवी तक्रार: परिसरात स्वच्छ सुया मिळत नाहीत. घसरगुंडीखाली मात्र या महिन्यात तीन सापडल्या. त्या मी चिमट्याने उचलून जाड डब्यात ठेवल्या आहेत. पूर्वी केंद्रात देता आल्या असत्या, आता कुठे द्यायच्या ते कळवावे. बाकीचे चाळीस जण सही मागे घेत नाहीत, मी माझी घेते. जागेची अडचण असल्यास आमची रस्त्याकडची खोली केंद्राला द्यायला आम्ही तयार आहोत.

या सगळ्याला वेळ लागेल, हे मी समजू शकते. पण पुढच्या गोष्टीला वेळ नाही. रविवारी संध्याकाळी गोदामात एक नवा माणूस बसला आणि तीच सिरिंज त्याच्याकडून माझ्या भावाकडे आली. त्या माणसाला एचआयव्ही आहे. त्याच्या गोळ्या केंद्रातून मिळत, केंद्राबरोबर त्याही बंद झाल्या. हे त्यानेच काल मला सांगितले आणि वर माझीच माफी मागितली. अशा वेळी बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केले तर संसर्ग टळू शकतो, असे केंद्राच्या पत्रकात छापले होते. ते पत्रक मी अर्जाला पुरावा म्हणून जोडले होते. बहात्तर तास उद्या संध्याकाळी संपतात.

मी कालपासून तीनदा गोदामावर गेले. भावाने आतून कडी लावली आहे, माझ्या हाकेला ओ देत नाही. त्या परिचारिकेची बदली आपणच केलीत, ती कुठे आहे हे आपल्याला माहीत असणार. तिने हाक मारली तर तो दार उघडेल. तिला औषध घेऊन आजच पाठवा. तो आत आहे ना, बरा आहे ना, एवढे तिने बघावे. मी पाठवले, हे मात्र त्याला सांगू नये.

आपली नम्र,
पहिली सही करणारी, फ्यूजची बहीण
मंगळवार, सकाळी दहा

सोबत: गोदामाचा हाताने काढलेला नकाशा. मागची खिडकी खुणेने दाखवली आहे.